कौलाची वेळ

"आणि उजवा कौल पडला तर जायचं नाही. असंच विचारायचं, तात्या."

भिवा गुरवानं हातातला पाण्याचा गडू देवासमोर खाली ठेवला. "खंय जावचा नाय?"

"डॉक्टरकडे."

"कोणाक काय झाला?"

मृदुलानं शेजारी पाहिलं. तिची पाच वर्षांची लेक कस्तुरी फरशीवर पालथी पडून मुंग्यांच्या रांगेशी काहीतरी बोलत होती.

"मला. छातीत दुखतंय. थोडंसंच."

"केव्हापासून?"

"तेवीस दिवस."

थोडंसं म्हणायचं आणि दिवस मात्र मोजून सांगायचे... तिचं तिलाच ते ऐकू आलं. तात्यालाही आलं असणार.

काल रात्रभर तिचा डोळा लागला नव्हता, तो दुखण्यामुळे नव्हे. कस्तुरीच्या केसांत मानेपाशी रोज एक गुंता होतो. तो खालून, बोटांनी, हळूहळू सोडवावा लागतो. वरून कंगवा घातला की पोर घर डोक्यावर घेते. हे मृदुलाशिवाय कोणाला माहीत नव्हतं. सासूबाईंना नाही. गोव्याला कारखान्यात नोकरी करणाऱ्या आणि शनिवारी पाहुण्यासारखा येणाऱ्या नवऱ्याला तर नाहीच. आपण गेलो तर हे लोक तो गुंता कात्रीनं कापतील, एवढा एकच घोर तिला पहाटेपर्यंत पुरला. मरणाच्या विचारातही बाईला याहून मोठं काही सुचू नये, याची तिला थोडी लाज वाटली होती. पण झोप काही आली नव्हती.

दुखणं तरी असं काय होतं? कोणीतरी छातीवर अंगठा टेकवावा आणि उचलायला विसरून जावं, तेवढंच. चढ लागला की अंगठा दाबायचा. थांबलं की सैल पडायचा. आज देवळाच्या पायऱ्या चढताना ती दोनदा थांबली होती. दोन्ही वेळा चपलेचा पट्टा नीट केला होता. पट्टा नीटच होता.

"उजवो म्हणजे ‘कर’," तात्या म्हणाला. "जा म्हणान उजवो मागतत. नको म्हणान उजवो कोण मागता गो?"

"मी मागते."

"तू शिकलली बाय मा?"

"म्हणूनच."

तात्या हसला. पुढचे दोन दात तेवढे उरले होते, ते दिसले.

"आठवीत होतंस. हयच उभी रवान माका शिकवी होतंस. तात्यानू, पाणी सुकला काय कळी पडता, देव पाडणा नाय."

"तेव्हा लहान होते मी."

"आता मोठी झालंस. मगे आता कोण पाडता?"

...

मृदुला हायस्कुलात विज्ञान शिकवत होती. या प्रश्नाचं उत्तर तिला पाठ होतं.

आठवीतल्या त्या मुलीनं तात्याला अर्धंच सांगितलं होतं. उरलेलं अर्धं तिनं आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. गुरव फुलांच्या कळ्या पाण्यात बुडवून देवाच्या दगडी अंगावर चिकटवतो, एक उजव्या खांद्यावर, एक डाव्या. जी आधी पडेल तो कौल. सगळा गाव त्यावर लग्नं ठरवतो, विहिरी खोदतो. पण चैत्र-वैशाखात सूर्य समोरच्या डोंगरावर आला की पहिली तिरीप उघड्या दारातून तिरकी आत शिरते ती थेट देवाच्या उजव्या खांद्यावर. तो दगड आधी तापतो, आधी सुकतो. उन्हाळ्यात सकाळी सव्वासातला लावलेला कौल उजवाच पडतो. तिनं सलग अकरा दिवस येऊन पाहिलं होतं, वहीत लिहून ठेवलं होतं, आणि त्या शोधाचा ताठा तिला पुढे कित्येक वर्षं पुरला होता.

आज, भर वैशाखात, ती सात वाजता आली होती.

आपण देवाला फसवायला आलोय की स्वतःला, असं तिनं पायऱ्या चढताना स्वतःला विचारलं होतं. देवाला फसवण्याइतकी आपली श्रद्धा नाही, असं उत्तर आलं होतं. मग उरलं कोण, हे तिनं पुढे विचारलं नव्हतं. तेवढ्यात दुसऱ्यांदा पट्टा नीट करायची वेळ आली होती.

"डॉक्टरकडे जावक काय झाला?" तात्यानं विचारलं. "खावचो हा काय तो?"

"दोन वर्षांपूर्वी गेले होते ना. ईसीजी काढला. गॅस आहे म्हणाले, टेन्शन घेऊ नका म्हणाले. तेव्हापासून घरात जरा कुठे मी बसले की नणंद विचारते, वहिनी, ओवा देऊ?"

"मगे खा ओवो."

"खाल्ला."

"गेला दुखणा?"

"नाही."

दोन भीत्या होत्या. काही निघालं तर मरण, काही नाही निघालं तर ओवा. आणि खरं सांगायचं तर त्यातली दुसरीच तिला जास्त छळत होती. हे ती कोणापाशी कबूल करणार नव्हती.

तात्यानं कळ्या भिजवल्या. वाकून, एका हातानं देवाच्या पाठीला धरत, दोन खांद्यांवर दोन लाल कळ्या टेकवल्या आणि हात जोडले.

"बा देवा रवळनाथा..."

"व्हय महाराजा!" कस्तुरी फरशीवरून ओरडली. जत्रेत ऐकलेलं तिला पाठ होतं.

"आज ह्या तुझा लेकरू तुझ्या पायाकडे इला हा..."

"व्हय महाराजा!"

"तेच्या छातयेत दुखता हा..."

कस्तुरीचं तोंड उघडंच राहिलं. ती उठून बसली.

"कोणाच्या?"

"गप बस गो," मृदुला म्हणाली. "देवाला सांगतायत ते."

"जावचा नसात तर उजवो दी, जावचा आसात तर डावो दी. बरोबर सांगलंय मा?"

"बरोबर."

"व्हय महाराजा," कस्तुरी म्हणाली. या वेळी हळू.

तिघं बसली. डोंगराची कड पिवळी झाली. मग ती तिरीप आली, तशीच, वीस वर्षांत एक बोटभरही न चुकता. आधी उंबरठ्यावर, मग एकदम आत. देवाचा उजवा खांदा उजळला. त्यावरची कळी रक्ताच्या थेंबासारखी चमकली.

मृदुलानं श्वास सोडला. दहा मिनिटं. फार तर पंधरा. मग घरी जायचं, पोळ्या करायच्या, आणि पुन्हा म्हणून या दुखण्याचं नाव काढायचं नाही. देवानं सांगितलंय म्हटल्यावर...

तात्या उठला. गुडघ्यावर हात देत देत दारापाशी गेला आणि दाराची एक फळी ओढून घेतली.

देवाच्या खांद्यावरचं ऊन पुसलं गेलं.

"तात्या, दार..."

"उजेड डोळ्यांवर येता."

तो आतापर्यंत दाराकडे पाठ करून बसला होता.

मृदुलाला ते समजायला एक क्षण लागला. मग तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या. चोरी पकडली गेलेल्या पोरांचे कान असे लाल झालेले तिनं वर्गात किती वेळा पाहिले होते.

"तुम्हाला माहीत होतं."

"काय?"

"ऊन."

"पन्नास वर्षां ह्या फातरार पाणी घालतंय, चेडवा. खयची बाजू आधी सुकता ता माका कळूचा नाय?"

"मग लोकांना तुम्ही..."

"लोक ठरवनच येतत. लगीन करूचा, घर बांधूचा. तेंका वायच धीर होयो आसता." तो परत आपल्या जागी बसला. "दार उघडा ठेवतंय."

"आणि माझ्या वेळी बंद?"

तात्या देवाकडे बघत राहिला. दोन्ही कळ्या जागच्या जागी होत्या. सावलीत दोन्ही सारख्याच लाल.

बी.एड. झाल्यापासून मृदुलाच्या तोंडी मालवणी फक्त रागावल्यावर यायची. आता ती न रागावता आली.

"उघडा ना ता दार, तात्यानू."

"कित्याक?"

"माका काय्येक सापडूक नको." तिला आईच दिसत होती. "आवशीक न्हेला तपासूक. तपासला म्हणान सापडला. सापडला म्हणान आठ महिन्यांत... ती चलत गेली होती हो. आपल्या पायांनी. पिशयेत डबो घेवन."

"आणि न्हेला नसता तर?"

"तर..."

ती थांबली. सहावीतल्या पोरानं असा तर्क मांडला असता तर तिनं त्याला फळ्यापाशी बोलावून, न रागावता, हसून, सगळ्या वर्गासमोर तो खोडून दाखवला असता. आता तो तर्क तिचाच होता आणि खोडायला समोर कोणी नव्हतं.

"तर नसताच झाला," ती म्हणाली.

तात्यानं मान हलवली. हो म्हणून नाही, नाही म्हणूनही नाही.

बाहेर कुणीतरी पायऱ्यांखाली चप्पल काढल्याचा आवाज झाला, मग ते माणूस पुढे विहिरीकडे निघून गेलं. कस्तुरी मुंग्या सोडून गाभाऱ्याच्या चौकटीपाशी येऊन बसली होती, हनुवटी गुडघ्यांवर ठेवून.

"तुझ्या काकीक आठ दिस दुखत होता," तात्या म्हणाला.

मृदुलानं वर पाहिलं. तात्याची बायको पार्वतीकाकी देवाची फुलं काढता काढता जास्वंदीखाली बसली ती उठलीच नाही, एवढंच गावाला ठाऊक होतं. चांगलं मरण आलं, असं सगळे म्हणत. देवाच्या कामात गेली, असं म्हणत. तिला आधी काही दुखत होतं, हे नऊ वर्षांत तात्यानं कोणाला सांगितलं नव्हतं.

"छातीत?"

"वायच. म्हणा होती, कायतरी दाबता. कामा करी होती सगळी."

"मग तुम्ही..."

"तिका न्हेवचा काय न्हेवचा नाय, म्हणान कौल लायलंय."

...

"काय पडलो?"

"उजवो."

"न्हेवचा म्हणान उजवो?"

"नाय. तू मागितलंस तसोच."

मृदुलाला पुढचं विचारायचं नव्हतं. पण तिला खोड होती, प्रश्न अर्धा सोडता यायचा नाही.

"किती वाजले होते, तात्यानू?"

म्हाताऱ्यानं ओढलेल्या फळीकडे पाहिलं. फळीच्या फटीतून उन्हाची एक बारीक रेघ आत आली होती, ती देवापर्यंत पोचत नव्हती.

"तेव्हा दार मीच उघडलंय," तो म्हणाला.

त्यानंतर त्यानं गडू उचलला, पाणी आहे का पाहिलं, आणि परत खाली ठेवला.

कळ्या पडल्या नव्हत्या. एकही नाही. अजून किती वेळ पडणार नाहीत हे मृदुलाला सांगता आलं असतं, सावलीतला दगड, सकाळची दमट हवा, दोन्ही बाजू सारख्या. पण हिशेब मनात जुळेना. छातीवरचा अंगठा तेवढा जाणवत होता, बसल्या जागी, चढ नसताना. आज पहिल्यांदाच.

ती उठली. धीर आला म्हणून नव्हे. धीर कुठेच नव्हता. आईचा तो डबा, ती पिशवी, दवाखान्याच्या भिंतीला टेकून ठेवलेल्या रिकाम्या खुर्च्या, सगळं डोळ्यांसमोर आत्ताच येऊन बसलं होतं, आणि तिकडे चालत जाणारी बाई आता तीच होती. फक्त न जाण्यासाठी हातात काही उरलं नव्हतं. होतं तेवढं म्हाताऱ्यानं दाराच्या फळीबरोबर ओढून घेतलं होतं.

"कस्तू, चल. खाली रिक्षा मिळते का बघू."

"कुठे जायचं?"

"डॉक्टरकडे."

"कोणाला?"

"मला."

कस्तुरी हलली नाही. तिची नजर देवाच्या खांद्यांवर होती, एकदा इकडे, एकदा तिकडे.

"पण देवानं अजून सांगितलं नाही."

"नाही सांगितलं. चल."

मृदुलानं हात पुढे केला. पोरीनं तो घेतला नाही. तिनं आईकडे पाहिलं, तात्याकडे पाहिलं, मग गाभाऱ्याच्या चौकटीला पाठ लावून नीट मांडी घालून बसली, मोठी माणसं बसतात तशी.

"तू जा, आई. मी बसते इथे. कळी पडली की हाक मारते. मोठ्ठ्यानं मारते, तू कितीपण लांब असलीस तरी."