एकोणीस शब्दांची जागा

एकदा एका वृद्ध आज्ञावलीकाराच्या हाताखाली एक शिष्य काम शिकत होता. आश्रम वगैरे काही नव्हता. पिठाच्या गिरणीवरची एक खोली आणि दोन संगणक, एवढाच संसार. शिष्य हुशार होता, आणि आपण हुशार आहोत हे त्याला गरजेपेक्षा जरा जास्तच ठाऊक होते.

सातपुड्यातल्या पाड्यांवर फिरून लहान मुलांच्या लसींची नोंद ठेवणाऱ्या आशा सेविकांसाठी वृद्धाने पूर्वी एक अ‍ॅप लिहिले होते. साधे, चार एमबीचे. पुढच्या लसीची तारीख नुसत्या आकड्यांत न दिसता वारासकट मराठीत दिसावी, एवढीच ताईंची नवी मागणी होती. वृद्धाने ते काम शिष्याकडे सोपवले.

शिष्याने ते एका संध्याकाळीच उरकले. तारखांसाठी कुणीतरी आयता लिहून ठेवलेला कोड, ज्याला लायब्ररी म्हणतात, तो त्याने उचलला. त्या लायब्ररीला दुसरी लागत होती, दुसरीला आणखी तीन. हवी होती मराठी, आणि सोबत जगभरातल्या दोनशे भाषांचे वार-महिने येऊन बसले. अ‍ॅप एक्याण्णव एमबीचे झाले. शिष्याच्या नव्या कोऱ्या फोनवर मात्र ते झकास पळाले. त्याने अपडेट सक्तीचे केले, म्हणजे जुने अ‍ॅप उघडणारच नाही, आणि पाठवून दिले.

महिन्याभराने तो ऐटीत म्हणाला, "सर, दोनशे दहा जणींनी अपडेट केलं. एकही तक्रार नाही."

वृद्धाचा चेहरा उतरला. "एकही नाही? मग उद्याच निघायला हवं."

म्हाताऱ्याचे काहीतरी बिनसले आहे, असे शिष्याला वाटले. तक्रार आली म्हणून धावणारी माणसे त्याने पाहिली होती. न आली म्हणून एसटीत आठ तास हाडे खिळखिळी करून घेणारा तो पहिलाच पाहत होता. पण गुरूपुढे बोलणार काय? तो मुकाट निघाला.

डोंगरातल्या आरोग्य उपकेंद्राच्या ओसरीवर सुगंधा वळवी नावाच्या आशाताई फोनमध्ये बघून बाळांची नावे पुकारत होत्या. वृद्धाने त्यांना अ‍ॅपबद्दल विचारले.

"चांगलं आहे, सर. वार दिसतो, बायांना सांगायला सोपं जातं."

"अपडेट करताना काही अडचण?"

"अडचण नाही. फोनमध्ये जागा नव्हती, तेवढी केली."

"कशी केली?"

"इथे नेट त्या खिडकीपाशीच येतं. त्या दिवशी अकरा बाळं आलेली, आणि यादी उघडेचना. मग फोटो काढून टाकले. तरी जागा अपुरी म्हणे. मग आईचा व्हिडिओही काढून टाकला." त्यांनी पदराने फोनची काच पुसली. "एकच होता तो. आई कोंबडी हाकत होती, आणि मधेच मला म्हणते, 'बंद झालं का गं ते? बंद कर की.' दिवाळीनंतर गेली ती."

शिष्य घाईघाईने म्हणाला, "ताई, त्याची कॉपी कुठे तरी असेल ना?"

"कुठे असणार, सर?"

"मग तुम्ही आम्हाला कळवलं का नाही?"

सुगंधाताईंना प्रश्नच कळला नाही. "काय कळवायचं? फोन माझा, त्यात जागा कमी, त्याला तुम्ही काय करणार?" आणि त्यांनी पुढच्या बाळाचे नाव पुकारले.

दोघे परतीच्या एसटीत बसले. वृद्ध म्हणाला, "तुला पाहुणा एक हवा होता. तू त्याचं सगळं वऱ्हाड आणलंस, आणि उतरवलंस तिच्या घरात. तिने घरातलं माणूस हलवून त्यांना जागा दिली, आणि वर म्हणते अडचण नाही. जागा कमी पडली हा आपलाच दोष, असं ज्याला वाटतं तो तक्रार करत नाही, बाळा. म्हणून सगळीकडे शांत असलं की मला धास्ती वाटते." मग खिडकीबाहेर बघत तो हळूच म्हणाला, "आणि चूक तुझ्या एकट्याची नाही. पाठवण्याआधी एक्याण्णव हा आकडा मीही पाहिला होता. विचारू नंतर, म्हटलं, आणि चहा प्यायला उठलो. तेवढं विचारलं असतं तर!"

शिष्याने दुसऱ्याच दिवशी सगळ्या लायब्ऱ्या उपटून काढल्या आणि सात वार व बारा महिने स्वतः हाताने लिहिले. एकोणीस शब्द. अ‍ॅप पुन्हा चार एमबीचे झाले. तो आकड्याकडे बघत राहिला. एकोणीस शब्द लिहिण्याचा कंटाळा त्याने केला होता, आणि त्यासाठी सत्त्याऐंशी एमबी एका परक्या बाईकडून मागून घेतले होते. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली.

पुढच्या महिन्यात तो एकटाच, कुणी न सांगता, ते आठ तास बसून उपकेंद्रावर गेला. सुगंधाताईंनी त्याला ओळखले, ओसरीवर बसायला सतरंजी टाकली, आणि आपला फोन उघडून कौतुकाने त्याच्यापुढे धरला.

"आता कसं पटकन उघडतं, सर," त्या म्हणाल्या. आणि इतक्या लांबून आलेल्या पोराला बरे वाटावे म्हणून पुढे म्हणाल्या, "आणि फोनमध्ये जागासुद्धा पुष्कळ झाली."

शिष्याने मान हलवली. त्याला वर बघवेना.