हळदीची ओल आणि बोलका डबा

आजच्या पोरांच्या डोक्यात कल्पनाच नसतात, असं जे उठता-बसता सांगतात, त्यांनी एकदा हेही सांगावं की होत्या त्या कल्पना मारल्या कुणी!

तस्लिम शिकलगारच्या डोक्यात तर त्यांची दाटी झाली होती. सांगलीबाहेरच्या माळावर एक इंजिनिअरिंग कॉलेज होतं, तिथं ती शेवटच्या वर्षाला होती. शेवटच्या वर्षाला प्रत्येकानं हातात मावेल असं एखादं इलेक्ट्रॉनिक यंत्र करून दाखवायचं, आणि त्याच्या विषयावर विभागप्रमुख निंबकर सरांची सही घ्यायची. शनिवारपर्यंत सही नाही, तर वर्ष गेलं.

सरांच्या अटी दोनच. विषय जगात कुणीही केलेला नसावा. आणि तो होऊ शकतो हे पटवायला, आधी कुणीतरी केल्याचा संदर्भ जोडावा.

बाकीच्या वर्गानं यावर डोकं शिणवलं नाही. गावात एका दुकानात तयार यंत्रं मिळत, आणि सोबत दोन्ही अटी पाळल्याचे कागदही मिळत. तस्लिमला ते जमेना. तिनं आधी नळाला पाणी आलं की मोबाइल वाजवणारं यंत्र सुचवलं. सर म्हणाले, हे झालेलं आहे. मग तिनं मनातला विषय काढला. तिचे मामा बाजारात हळद आणत. व्यापारी एक हळकुंड मोडायचा, त्याच्याकडं धड न बघताच “ओली आहे” म्हणायचा आणि भाव पाडायचा. ओल खरंच किती आहे, ते तिथल्या तिथं आकड्यात दाखवणारं यंत्र तिला करायचं होतं.

“असं कुणी केलंय?” सरांनी विचारलं.

“नाही सर.”

“मग संदर्भ कुठे आहे?”

हळकुंड मोडल्याचा आवाज तिला स्पष्ट ऐकू आला. बाहेर पडताना ती रडणार असं मैत्रिणींना वाटलं. ती मात्र कॅन्टीनमध्ये गेली आणि बिस्किटाचा रिकामा डबा मागून आणला.

शनिवारी तो डबा सरांच्या टेबलावर आला. वर एक बटण, पुढं एक छोटा स्पीकर. शिपाई महादबा चहा ठेवायला आला होता, तो तिथंच रेंगाळला.

प्रकल्पाचा विषय तपासणारं यंत्र आहे, असं तस्लिमनं सांगितलं. बटण दाबून विषय बोलायचा, बटण सोडलं की निकाल. सरांना गंमत वाटली. त्यांनी तिचाच नळाचा विषय बोलून बघितला.

“हे झालेलं आहे,” डबा म्हणाला.

सरांनी मान डोलावली. मग हळदीचा विषय बोलले.

“संदर्भ कुठे आहे?” डबा म्हणाला.

“अगदी बरोबर!” सर खूश झाले. “फारच हुशार आहे गं हे.” आणि त्याच भरात त्यांनी बटण दाबून, एकेक शब्द तोलत, स्वतःच्या पीएचडीचा विषय सांगितला. तो सांगायला बराच वेळ लागला.

“हे झालेलं आहे.”

महादबाच्या हातातला ट्रे खुळखुळला. सरांचे कान लाल झाले.

“हे विषय तपासतं तरी कसं?”

“तपासत नाही, सर. विषय ऐकतच नाही ते. बटण सोडलं की एकदा हे म्हणतं, एकदा ते.”

“न ऐकताच निकाल?” सर कडाडले. “आणि असलं यंत्र मी मंजूर करू? माझ्या अटी ठाऊक आहेत ना?”

“आहेत सर. दोन्ही पाळल्यात.” तस्लिमला आता थांबण्यात अर्थ दिसेना. “हे काम आजवर कुठल्याच यंत्रानं केलेलं नाही. आणि माणसानं केल्याचा संदर्भ माझ्यासमोर बसलाय.”

सरांनी डब्याकडं पाहिलं, तिच्याकडं पाहिलं. आता झालेलं आहे म्हणावं तर कुणी केलं ते सांगावं लागणार, आणि संदर्भ मागावा तर तो खुर्चीतच बसलेला! आधी त्यांची मिशी हलली, मग पोट हललं, आणि मग ते असे हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

“हरलो बाई. आण, डब्यावर सही करतो.”

“डबा तुमच्याकडंच ठेवा, सर. सही हळदीवर करा.”

सरांनी सही केली. वर प्रयोगशाळेची किल्लीही दिली, आणि पहिली चाचणी बाजारात जाऊन त्या व्यापाऱ्यासमोरच घ्यायची, मीही येतो, असं बजावलं.

महादबानं गार झालेला चहा उचलला आणि दारातून वळून म्हणाला, “सायेब, डबा हितंच ऱ्हाऊ द्या. तुमी रजंवर असला की पोरांचा लई खोळंबा व्हतुया.”