डॉक्टरांचं इंग्रजी

तालुक्याच्या दवाखान्यात मोठे डॉक्टर राउंडला आले की सगळा वॉर्ड चिडीचूप होई. त्या दिवशी ते ग्लानीत पडलेल्या अनसूयाबाईंच्या खाटेपाशी थांबले आणि शिकाऊ डॉक्टरांना म्हणाले, "शी इज ऑन हर लास्ट लेग्ज."

उशाशी बसलेल्या नवऱ्याने, भागुजीने, भीत भीत विचारलं, "काय म्हणालात, साहेब?"

"इंग्रजी वाक्प्रचार आहे, बाबा. तुम्हाला नाही कळायचा."

"शब्द नाही कळले, साहेब. पण ताप उतरला ते तुम्ही मराठीत सांगितलंत, पेज द्या तेही मराठीत. आज माझ्यासमोर पहिल्यांदाच इंग्रजी बोललात. म्हणजे ही आता घरी येत नाही, एवढंच ना?"

शिकाऊ डॉक्टरांनी माना खाली घातल्या. मोठे डॉक्टर स्टुलावर टेकले आणि हळू आवाजात, मराठीत म्हणाले, "मुलीला बोलावून घ्या."