पहिल्या खळग्यातलं नाणं

"मग... काय दिसलं?"

उस्तादांनी मान वर न करता विचारलं.

डुंबरे सरांनी कोरड्या ओठांवरून जीभ फिरवली. हाच प्रश्न येणार, हे त्यांना आठ दिवसांपासून माहीत होतं. उत्तरही येताना वाटेत तीनदा घोकून झालं होतं.

"चांदी दिसली, उस्ताद."

"कुठे?"

"सगळीकडे."

"हं..." उस्ताद म्हणाले आणि समोरच्या उघड्या घड्याळात चिमटा घालून काहीतरी शोधत राहिले.

उस्ताद म्हणजे मुनीर तिरंदाज, जुन्नरच्या पेठेतले घड्याळजी. वय ऐंशीच्या पुढे. दुकान एवढंसं की गिऱ्हाईक आत आलं की उस्तादांना पाय पोटाशी घ्यावे लागत. पण लांबून लोक यायचे ते घड्याळ घेऊन नव्हे. यायचे ते पेटी बघायला.

पेटीत जुनी रोमन नाणी होती. काही चांदीची, तर काही तांब्याची, वरून चांदीचं पाणी दिलेली. रोमच्या बादशहांना चांदी पुरेना, तेव्हा त्यांनी तांब्यावर चांदीचा पातळ हात फिरवला आणि तेच नाणं ऐटीत चालवलं. उस्तादांचा जीव या दुसऱ्या जातीवर जास्त. अस्सल चांदी स्वतःचं स्वतः बघून घेते, यांना मात्र सांभाळावं लागतं, असं त्यांचं म्हणणं.

डुंबरे सर कॉलेजात इतिहास शिकवतात. बारा वर्षं दर रविवारी उस्तादांकडे नाणी शिकायला येत आहेत. विद्वान माणूस. हे त्यांनाही मान्य आहे.

आता गोष्ट अशी होती की उस्ताद दुकान बंद करून मुलीकडे मालेगावला राहायला निघाले होते. येत्या शुक्रवारी. पेटी जुन्नरातच कुणाकडे तरी राहणार होती. कुणाकडे, ते उस्ताद बोलले नव्हते. बोलले होते ते एवढंच. आठ दिवसांपूर्वी त्यांनी पेटीतून प्रोबस बादशहाचं एक काळवंडलेलं नाणं काढलं आणि सरांच्या हातावर ठेवलं.

"जवळ ठेव. बघत राहा. पुढच्या रविवारी सांग काय दिसलं. मग पेटीचं बघू."

तेच नाणं आता सरांच्या खिशात होतं, गोळ्यांच्या रिकाम्या पत्र्याच्या डबीत. डबी मांडीला टोचत होती. सरांना ती हलवायचं धाडस होत नव्हतं.

"गेल्या वेळेला तर फक्त गालावर होती चांदी," उस्ताद म्हणाले. "आणि थोडी मुकुटाच्या टोकांवर."

"उजेडात धरलं की... सगळीकडे दिसते."

"असं?"

"हो."

"चांगलंय."

उस्तादांनी घड्याळातून एक चाक उचललं, भिंगाखाली धरलं, पुन्हा ठेवलं. नाणं काही मागितलं नाही.

मागत का नाहीत? मागून घेतलं, पेटीत ठेवलं, झाकण लावलं की सुटलो. म्हातारा उगाच वेळ काढतोय. की त्याला कळलंय? कसं कळेल? अजून डबी खिशातून बाहेरही आलेली नाही.

घडलं होतं ते असं. पहिले दोन दिवस सरांनी नाणं खरंच नुसतं बघितलं. तिसऱ्या दिवशी त्यांना बादशहाच्या नाकाखाली एक बारीक चमक दिसली. त्यांना वाटलं, गालावर चांदी आहे, नाकाखाली आहे, म्हणजे या काळ्या थराखाली सगळीच असणार. उस्तादांना दिसली नाही, ती आपण काढून दाखवू.

मग चिंचेचं पाणी झालं. खायचा सोडा झाला. शेवटी जुना दात घासायचा ब्रश. नाकाखालची चमक क्षणभर इतकी पांढरी झाली की सर एकटेच हसले. आणि पुढच्याच हाताला तिथे लाल तांबं उघडं पडलं. तो काळा थर हीच चांदी होती, वयाने काळवंडलेली. सरांना हे कळलं तेव्हा कळायला काही शिल्लक नव्हतं. बादशहा कपाळापासून गळ्यापर्यंत लालबुंद झाला होता.

त्या दिवशी सरांना जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी ते नारायणगावला एका मुलामेवाल्याकडे गेले. हा माणूस देवांच्या मुकुटांना आणि जुन्या पैंजणांना चांदीचं पाणी देतो. त्याने बादशहालाही दिलं. नाणं नव्या वाटीसारखं लखलखायला लागलं, तेव्हा सर पुन्हा घाबरले. मग त्यांनी उकडलेलं अंडं कुस्करून डबीत घातलं आणि नाणं त्याच्याशेजारी दिवसभर बंद करून ठेवलं. अंड्याच्या वाफेने चांदी काळपटते, हे त्यांनी स्वतःच एका व्याख्यानात सांगितलेलं होतं.

नाणं काळपटलं. छान काळपटलं. पण झोप गेली ती गेलीच.

"आज नाश्त्याला अंडं होतं वाटतं," उस्ताद म्हणाले.

सरांचा हात खिशातल्या डबीवर गेला.

"अं? नाही... म्हणजे हो. होतं."

"वास येतोय."

"हात नीट धुतले नसतील."

"असेल." उस्तादांनी भिंग डोळ्यावरून काढलं, कपड्याने पुसलं. "दे."

सरांनी डबी काढली. झाकण उघडेना. दोनदा बोटं निसटली. तिसऱ्यांदा उघडलं.

त्यांनी नाणं दोन बोटांनी कडेवर धरून पुढे केलं.

कडेवर धरायचं, ही उस्तादांची पहिली शिकवण. नाण्याच्या तोंडावर बोट लावायचं नाही, बोटाचा घाम चांदी खातो. बारा वर्षांपूर्वी पहिल्याच रविवारी सरांचं बोट चुकून एका नाण्याच्या तोंडाला लागलं होतं. उस्तादांनी चिमट्याने त्यांच्या मनगटावर टकटक केलं होतं. "बादशहाच्या गालावरून हात फिरवणारे आपण कोण रे?" तेव्हापासून सरांनी खिशातली सुट्टी नाणीसुद्धा कडेवर धरायला सुरुवात केली होती. भाजीवाल्या बायका हसायच्या.

उस्तादांनी हात पुढे केला. नाणं घेतलं.

आणि तळहातावर टाकून अंगठा थेट बादशहाच्या तोंडावर ठेवला.

"उस्ताद, बोट!"

सरांच्या तोंडून निघून गेलं. बारा वर्षांची सवय, तिला कोण आवरणार?

उस्तादांनी अंगठा उचलला नाही. सावकाश फिरवला. कपाळ, नाक, गाल, गळा.

"का?" त्यांनी विचारलं. "काय बिघडणार आहे?"

...

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. भिंतीवर टांगलेली सगळी घड्याळं आपापली वेळ दाखवत होती. सरांना त्यातली एकही दिसत नव्हती.

"तुम्हाला कळलंय," सर म्हणाले.

उस्तादांनी नाणं उलटून मागची बाजू पाहिली.

"मी घासलं. चिंचेने. सोड्याने. मग... ब्रशने."

"का?"

"अजून चांदी सापडेल असं वाटलं."

"सापडली?"

"होती तीच गेली."

उस्तादांनी मान हलवली. रागाने नाही. डॉक्टर ऐकताना हलवतात तशी.

"पुढे?"

"मुलामा दिला. नारायणगावला."

"पुढे?"

"...अंडं."

"ते मी ओळखलं होतं." उस्ताद नाकातल्या नाकात हसले. सरांना हसू आलं नाही. त्यांना लहान मुलासारखं रडू येत होतं, आणि पंचेचाळिसाव्या वर्षी एका घड्याळजीच्या स्टुलावर बसून रडणं बरं दिसणार नाही, एवढंच भान उरलं होतं.

"मुलामा का दिलास?"

"पेटी मिळणार नाही म्हणून."

"एवढंच?"

सर म्हणाले, "तुम्ही म्हणाल, बारा वर्षं येतोय, पण याला नजर नाही. ते मला ऐकवलं नसतं."

"आणि?"

"आणि काय, उस्ताद?"

"ते तू सांग."

सरांनी रिकाम्या डबीचं झाकण लावलं.

"लोकांनी म्हणायला हवं होतं," सर म्हणाले, "की पेटी डुंबऱ्यांकडे आहे."

बोलून झालं तसं त्यांना हलकं वाटलं नाही. वाईटच वाटलं. ते उठले. स्टूल मागे सरकलं आणि भिंतीला आपटलं.

"मी जातो. पेटी दुसऱ्या कुणाला तरी द्या. इथून पुढे मी... नाणं हातात धरणार नाही."

"जा की." उस्ताद म्हणाले. "पण चिठ्ठी कोण लिहिणार?"

"कसली चिठ्ठी?"

उस्तादांनी खण ओढून जाड कागदाची एक गोल चकती काढली. पेटीतल्या प्रत्येक नाण्याखाली अशी एक चकती असायची. नाणं कुणाचं, वजन किती, कुणाकडून आलं. पण या सगळ्याच्या आधी, सगळ्यात वर, नाण्यात खोट काय ते लिहायचं. उस्तादांच्या घरची ही पद्धत. इतर लोक खोट शेवटी लिहितात, बारीक अक्षरांत. बरेच जण लिहीतच नाहीत.

"नाणं बदललं, की चिठ्ठी बदलायची. आणि जो बदलतो, त्याने लिहायची. बस."

सर बसले. पेन घेतलं. चकती गुडघ्यावर धरली.

लिहिलं. वाचलं. पुढे केली.

उस्तादांनी भिंग लावलं. "'चांदी झिजली आहे.'" त्यांनी चिठ्ठी परत दिली. "कुणी झिजवली? वाऱ्याने?"

सरांनी दुसरी चकती घेतली. 'चांदी होती. मी घासून घालवली.'

"मुलामा राहिला."

'वर नवा मुलामा दिला.'

"अंडं."

"उस्ताद, अंडंसुद्धा?"

"अंडंसुद्धा."

सरांनी लिहिलं. अक्षर वेडंवाकडं आलं, कॉलेजातल्या फळ्यावर येतं त्याच्या अगदी उलट. खाली नाव घातलं. गावाचं नाव घातलं. तारीख घातली. नावाच्या आधी 'प्रा.' लिहायचं त्यांच्या लक्षातच आलं नाही.

उस्तादांनी मागे वळून पेटी पुढ्यात घेतली. शिसवी लाकूड, पितळी कडी. झाकण उघडलं.

वरच्या कप्प्यात हिरवी मखमल होती, तिच्यात ओळीने गोल खळगे. पहिला खळगा डाव्या हाताचा. त्यात एक लाल, गुळगुळीत, ओळखू न येणारं तांब्याचं नाणं होतं.

सरांना ते चांगलंच माहीत होतं. बारा वर्षांत ते त्यांना एकदाही उचलायला मिळालं नव्हतं. "ते राहू दे," उस्ताद म्हणायचे. सरांनी आपल्या मनाशी ठरवून टाकलं होतं की म्हाताऱ्याचा त्यात काही लोभ अडकलाय. पुण्यात नाणी जमवणाऱ्यांच्या बैठकीत चहा पिताना ते एकदा सांगूनही बसले होते, "आमच्या उस्तादांच्या पेटीचा मानकरी म्हणजे एक भंगारातलं तांबं." सगळे हसले होते. सरही हसले होते.

"उचल," उस्ताद म्हणाले.

"ते?"

"तेच."

सरांनी ते कडेवर धरून उचललं. घासून घासून तोंड सपाट झालेलं. एका कडेला, मुकुटाचं टोक असावं तिथे, पांढरा ठिपका. मोहरीएवढा. चांदीचा.

खाली चकती होती. पिवळी पडलेली. शाई तपकिरी झालेली. पण अक्षर उस्तादांचंच, तरुण आणि टोकदार.

'चांदी होती. मी राखेने घासली. लाजेपोटी माझ्या उस्तादांपासून चार वर्षं लपवलं. मुनीर, वय तेवीस.'

सरांनी ते वाचलं. पुन्हा वाचलं. पुण्यातला चहा आठवला, हसणारे चेहरे आठवले, आणि त्यांची मान जी खाली गेली ती वर येईना.

"चार वर्षं?" त्यांनी कसंबसं विचारलं.

"तू आठ दिवसांत आलास," उस्ताद म्हणाले. "मी भित्रा होतो."

त्यांनी प्रोबसचं नाणं सरांच्या दुसऱ्या हातात दिलं. दोन्ही हातांत दोन बादशहा घेऊन सर तसेच बसून राहिले. एक चकती गुडघ्यावर, एक पेटीत.

उस्तादांनी भिंग पुन्हा डोळ्याला लावलं. उघडं घड्याळ जवळ ओढलं. शुक्रवारच्या आत ते गिऱ्हाइकाला द्यायचं होतं.

"उस्ताद..."

"हं?"

"हे कोणत्या खळग्यात ठेवू?"

"पहिल्या," उस्ताद म्हणाले. "पेटी सांभाळेल त्याचा खळगा तो. माझं आता खालच्या कप्प्यात जाऊ दे."