डिस्कचा संताप

खूप वर्षांपूर्वी एका इस्पितळातला संगणक फार रेंगाळायचा. म्हणून इस्पितळाचे साहेब दर वर्षी गणितं करणारा आणखी वेगवान प्रोसेसर बसवायचे. तो ऐटीत "आण लवकर, म्हातारे!" म्हणून रिकामा बसायचा. म्हातारी डिस्क मात्र रुग्णांच्या फायली शोधून शोधून तापायची.

एकदा एका बाळंतिणीला कोणतं औषध बाधतं, ती नोंद वेळेत उघडलीच नाही. नेमकं तेच औषध दिलं गेलं आणि बाई मरता मरता वाचली.

डिस्क भडकली. "साहेब, इथे गणितं कोण करतंय? दिवसभर नुसती शोधाशोध! काम काय येतं, ते कधी बघितलंत?"

खजील झालेल्या साहेबांनी दिवसभर बसून काम बघितलं आणि डिस्कच्या मदतीला तीन नव्या डिस्क आणल्या.

"आता तरी शांत हो," प्रोसेसर म्हणाला.

"ती बाई गेली असती, तर झाले असते का शांत?" डिस्क कडाडली आणि पुढची फाईल शोधू लागली.