गंगाळ्याचा अखंड काठ

फार मागची गोष्ट आहे. तेव्हा आभाळातून धोंडा पडला, की चंद्राच्या उंच माळावर एक खड्डा जन्माला यायचा. असे तिथे पुष्कळ खड्डे होते. त्यातली परातआजी उथळ, झिजून झिजून काठ बोथट झालेली. शेजारचा गंगाळ्या खोल, आणि त्याचा काठ कसा धारदार!

एकदा गंगाळ्या ओरडला, "म्हातारे, तू माझ्या बांधात शिरलीस. मी इथला मूळचा, तू उपरी!"

आजीला धसकाच बसला. या वयात आपल्याच माळावर उपरी ठरायचं? तिनं माळावरच्या जाणत्या पांढरोबा धोंड्याला निवाडा करायला सांगितलं.

पांढरोबानं सावकाश विचारलं, "गंगाळ्या, तुझा काठ कुठं फुटलाय का रे?"

"छे! जन्मल्यापासून अखंड आहे."

"आणि आजीचा?"

"तिचा इथं फुटलाय की, माझ्या शेजारी."

"कुणी फोडला?"

"मीच!" गंगाळ्या फुगून म्हणाला. "आलो तो एका दणक्यात!"

"म्हणजे तू आलास तेव्हा ती होती तर," पांढरोबा म्हणाला.

सगळा माळ हसला. गंगाळ्या तोंड उघडणार, इतक्यात वरून एक धोंडा आला आणि धाडकन त्याच्याच काठावर आदळला. धूळ बसली, तर तिथे वाटीएवढा नवा खड्डा. तो जन्मताच खेकसला, "कोण रे हा माझ्या बांधात शिरलाय?"

गंगाळ्यानं केविलवाणं आजीकडं पाहिलं.

"उगी बाळा," आजी म्हणाली, "आता तूही इथला जुना झालास."