बिल्ला कोणाला हवा?

बंदरावर नवे फौजदार आले आणि त्यांनी दवंडी पिटवली, की ज्या मांजराच्या गळ्यात मालकाच्या नावाचा पट्टा नसेल, ते बेवारस समजून खाडीपार सोडलं जाईल. तिसऱ्याच दिवशी मासळीबाजारात त्यांनी हिराबाय कोळणीची रंगी पोत्यात घातली.

"अवो सायेब, माजी हाय ती!"

"पट्टा कुठाय? लोकांनी ओळखायचं कसं?"

हिराबायने त्यांची पगडी आणि छातीवरचा बिल्ला निरखून पाहिला. तिला खरंच एक कुतूहल वाटलं.

"सायेब, पगडी-बिल्ला हितं ठेवा, रंगीला सोडा, आन् तिच्या मागनं बाजारात एक फेरी मारा. तुमाला कुनी वळखलं, तर आत्ताच पट्टा बांधते."

फौजदार हसले आणि मांजरामागे निघाले. प्रत्येक पाटीवरून हाक येई, "काय गं हिराबायचे रंगे, जेवलीस का?" फौजदारांना मात्र एकीने कोपराने ढकललं, "ए दादा, घ्यायचं नसंल तर वाट सोड!"

ते परतले, तेव्हा हिराबायने बिल्ला पदराने पुसून त्यांच्या हातात ठेवला.

"घाला सायेब. रंगीचं ह्याच्याबिगर भागतंय."